रेडिओ आपला, पण चावी कोणाकडे?

इंटरनेटवर आपला स्वतःचा रेडिओ असावा, असे आज अनेक तरुण कार्यकर्त्यांना वाटते. विचार स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी बैठक बसली की पहिला प्रश्न येतो, "सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे?" आणि लगेच कोणीतरी खिशातला मोबाईल काढून फुकटातले एखादे ॲप दाखवतो. पाच मिनिटांत रेडिओ सुरू, असे सांगतो. सगळ्यांना आनंद होतो आणि बैठक संपते. माझे स्पष्ट मत असे आहे की, हा प्रश्न वरून तांत्रिक दिसत असला तरी मुळात तो मालकीचा प्रश्न आहे. कुलपाची चावी ज्याच्या हातात, केंद्र त्याचे. मग दारावर पाटी कोणाचीही असो!

हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात रोख पैसे घेऊन छापायलाही 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या छापखान्यावर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर चळवळ चालत नाही, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले. म्हणून पुढे 'भारत भूषण' हा चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही नावे आपण अभिमानाने घेतो. पण त्या नावांमागे कागद, खिळे, यंत्र आणि जागा यांचा हिशेब होता, हे विसरतो. आजच्या रेडिओचे खिळे आणि यंत्र म्हणजे सर्व्हर आणि सॉफ्टवेअर. त्यांचा हिशेब आपण मांडणार की नाही?

प्रथम कायद्याची बाजू पाहू. या देशात हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरींवर सरकारचीच मक्तेदारी होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला की, या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि त्यांचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत होते. निकाल क्रांतिकारक होता, पण सामान्य माणसाच्या हाती माईक यायला आणखी अकरा वर्षे गेली. सामुदायिक रेडिओचे दार २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना उघडले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी आंध्र प्रदेशात (तो भाग आता तेलंगणात आहे) झहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे 'संघम रेडिओ' सुरू झाले. ते चालवणाऱ्या स्त्रिया दलित, शेतात राबणाऱ्या. ज्यांना गावच्या चावडीवर बोलायची मुभा नव्हती त्यांनी रेडिओ केंद्र चालवून दाखवले. हे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने डोळ्यांसमोर ठेवावे.

परंतु सामुदायिक रेडिओला परवाना लागतो, मनोरा लागतो, त्याचा आवाज काही कोसांपलीकडे जात नाही आणि स्वतःच्या बातम्या देण्याची त्याला परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या ऐकवा, एवढीच सवलत. इंटरनेट रेडिओ हवेतल्या लहरी वापरत नाही, म्हणून त्याला लहरींचा परवाना लागत नाही. नांदेडच्या वस्तीत बोललेला शब्द पुण्याच्या वसतिगृहात, सुरतच्या कापडगिरणीत आणि दुबईच्या कामगारांच्या खोलीत एकाच वेळी ऐकू जाऊ शकतो. हे साधन हाताशी असताना आपण ते दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन का ठेवावे?

यावर आक्षेप ठरलेला असतो. फेसबुक आहे, यूट्यूब आहे, तिथे लोकही आहेत आणि पैसेही लागत नाहीत, मग हा उपद्व्याप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. लोक जिथे आहेत तिथे जाऊन हाक मारलीच पाहिजे. पण हाक मारणे वेगळे आणि घर बांधणे वेगळे. तिथे तुमच्या भीमगीताची चाल एखाद्या कंपनीच्या यादीतल्या ध्वनिफितीशी जुळली, की यंत्रच कार्यक्रम थांबवू शकते. कोणी ठरवून सामुदायिक तक्रारी केल्या, तर खाते बंद पडू शकते. दाद मागायची तर आधी त्याच कंपनीच्या दारात. वकिलाला विचाराल तर तो सांगेल, तिथे तुमचा हक्क फार थोडा. मुख्यतः आहे तो करार, आणि तो त्यांनी लिहिलेला, तुम्ही न वाचता 'मान्य' म्हटलेला. म्हणून फेसबुक, यूट्यूब यांचा उपयोग दवंडीसाठी करावा. केंद्र मात्र आपले असावे.

आता केंद्र म्हणजे काय ते समजून घेऊ. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग बोलणाऱ्याकडचा: माईक, संगणक आणि आवाज पुढे पाठवणारे सॉफ्टवेअर. दुसरा भाग सर्व्हर: तो हा एक आवाज घेतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याची स्वतंत्र प्रत देतो. तिसरा भाग श्रोता: त्याला मोबाईल आणि एक पत्ता, एवढेच लागते. चावीचा प्रश्न येतो तो मधल्या भागात. पहिल्या भागाचे सॉफ्टवेअर उद्या बदलता येते. सर्व्हर दुसऱ्याच्या मुठीत असेल तर मात्र एका रात्रीत सगळे श्रोते हरवतात.

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात: शाउटकास्ट आणि आइसकास्ट. दोन्ही विसाव्या शतकाच्या शेवटाला जन्मली. शाउटकास्ट नलसॉफ्ट नावाच्या कंपनीचे. १९९९ मध्ये ती कंपनी अमेरिका ऑनलाइनने विकत घेतली, २०१४ मध्ये शाउटकास्ट रेडिओनॉमीकडे गेले. त्याची अंतर्गत रचना बंद पेटीत आहे. मालक बदलतो तेव्हा वापरणाऱ्याला कोणी विचारत नाही. आइसकास्ट झिफ फाउंडेशन सांभाळते आणि ते जीपीएल या परवान्याखाली दिलेले आहे. या परवान्याने चार हक्क मिळतात. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरा, त्याची रचना तपासा, त्यात बदल करा आणि दुसऱ्याला वाटा. मूळ संस्था उद्या बंद पडली तरी दिलेला हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. फुकट आणि मुक्त यांतला फरक तो हाच. फुकट वस्तू देणाऱ्याची मर्जी असेपर्यंत मिळते, मुक्त वस्तूवर तुमचा हक्क असतो. दयेवर जगायचे की हक्काने, याचे उत्तर आपल्या समाजाला बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. म्हणून माझे मत निःसंदिग्धपणे आइसकास्टच्या बाजूने आहे.

बोलणाऱ्याच्या बाजूला 'बट' नावाचे लहानसे मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते, आवाज सर्व्हरकडे पाठवते आणि त्याच वेळी त्याचे ध्वनिमुद्रणही करून ठेवते. गाणी आणि निवेदन यांची सरमिसळ करायची असेल तर 'मिक्स' आहे. ध्वनिमुद्रण कापून नीट करायला 'ऑडॅसिटी' आहे. वेळापत्रक, गाण्यांच्या याद्या, श्रोत्यांची संख्या हे सारे एका पानावर हवे असेल तर 'ॲझुराकास्ट' हा तयार संच आहे. त्याच्या पोटात आइसकास्टच चालते. सुरुवात मात्र बट आणि आइसकास्ट या दोघांवरच करावी. जे कार्यकर्त्याला समजते तेच टिकते.

सर्व्हर कुठे ठेवायचा? घरातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर ठेवू नये. घरगुती जोडणीला बऱ्याचदा बाहेरून गाठता येईल असा स्वतंत्र पत्ताच नसतो आणि वीज गेली की केंद्र बंद. त्याऐवजी महिन्याच्या भाड्याने मिळणारा छोटा सर्व्हर घ्यावा. आइसकास्ट फार हलके आहे, एक जीबी स्मृतीचे यंत्र त्याला पुरते. खरा खर्च वाहतुकीचा. त्याचा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावा. भाषण आणि साधे गायन यांना ६४ केबीपीएसचा दर पुरेसा आहे. या दराने एक श्रोता तासाला सुमारे २९ एमबी घेतो. शंभर श्रोते तासाला २.९ जीबीच्या आसपास. रोज दोन तास कार्यक्रम आणि शंभर श्रोते धरले तर महिन्याला सुमारे १७३ जीबी. दर दुप्पट करून १२८ केला की हे सगळे दुप्पट. श्रोत्याच्या मोबाईलचा डेटाही दुप्पट जातो, आणि आपला श्रोता रिचार्जचे रुपये मोजणारा आहे, हे दर ठरवताना विसरू नये.

'ओपस' हा नवा प्रकार याहून कमी दरात बोलणे स्वच्छ ऐकवतो आणि तोही मुक्त आहे. परंतु तो सगळ्याच फोनवर विनातक्रार वाजेल याची खात्री देता येत नाही. एमपी३ जुन्यात जुन्या मोबाईलवर वाजतो आणि त्याचे पेटंटचे जोखडही २०१७ मध्ये संपले. तेव्हा मुख्य प्रवाह एमपी३चा असावा. हवा तर ओपस जोडीला ठेवावा.

बोलणाऱ्याला मात्र मोठी जोडणी लागत नाही. त्याच्याकडून एकच प्रत सर्व्हरकडे जाते. म्हणून गावातल्या विहारात बसून मोबाईलच्या इंटरनेटवरूनही कार्यक्रम करता येतो. हे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर केंद्र मुंबई-पुण्याच्या चार सुशिक्षितांचे होऊन बसेल आणि गाव पुन्हा श्रोताच राहील.

आता उभारणीतल्या चार गोष्टी. पहिली, परवलीचे शब्द. आइसकास्टच्या नमुना फाइलमध्ये ठिकठिकाणी 'हॅकमी' हा शब्द परवलीचा म्हणून लिहिलेला असतो. त्याचा अर्थच 'मला फोडा'. बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम घातला आहे, की निदान तो वाचून तरी लोक बदलतील. आवाज पाठवणाऱ्याचा शब्द वेगळा, व्यवस्थापकाचा वेगळा आणि दोन्ही लांबलचक ठेवावेत. नाहीतर १४ एप्रिलला तुमच्या केंद्रावरून कोणी भलताच माणूस बोलताना ऐकू येईल आणि विरोधकांना आयती संधी मिळेल.

दुसरी, श्रोत्यांची मर्यादा. त्याच फाइलमध्ये जास्तीत जास्त श्रोते शंभर, असे आधीच लिहिलेले असते. रोजच्या दिवशी ते पुरते. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ न शकलेला माणूस जेव्हा तुमचा पत्ता उघडेल, तेव्हा एकशेएकाव्याला दार बंद मिळेल. दोष कोणाला देणार? हजार श्रोते धरले तर ६४ केबीपीएसच्या दराने सेकंदाला ६४ मेगाबिट आणि दहा तासांना २८८ जीबी लागतील. महिनाभर आधी मर्यादा वाढवावी, सर्व्हरवाल्याशी बोलून घ्यावे आणि तालीम करावी.

तिसरी, खंड. भारनियमन आहे, पाऊस आहे, मोबाईलचा मनोरा बंद पडतो. बोलणाऱ्याचा आवाज तुटला की श्रोत्याला शांतता ऐकू येते आणि तो निघून जातो. आइसकास्टमध्ये राखीव प्रवाह नेमून देता येतो आणि 'लिक्विडसोप' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने हेच काम अधिक चांगले होते. थेट आवाज तुटला की सर्व्हरवर आधीच ठेवलेले व्याख्यान किंवा वंदना आपोआप सुरू होते, आवाज परत आला की थेट कार्यक्रम पुढे चालू. हे सर्व्हरवर बसवावे, बोलणाऱ्याच्या संगणकावर नव्हे. वीज जाते ती त्याच्याकडे.

चौथी, सुरक्षित पत्ता. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर आणि आवाज साध्या एचटीटीपीवर असेल तर आजचे ब्राउझर तो आवाज अडवतात. कार्यकर्ता म्हणतो, "माझ्याकडे वाजते, लोकांकडे का वाजत नाही?" त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र मोफत मिळते. त्याची मुदत अल्प असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी.

आता वकील म्हणून ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटते ती सांगतो. गाणी. आपल्याकडे समजूत अशी की भीमगीत समाजाचे, ते कोणीही लावावे. भावना चांगली आहे, कायदा वेगळा आहे. एका गाण्यात गीतकाराचा, संगीतकाराचा, ध्वनिमुद्रण काढणाऱ्याचा आणि गायकाचा असे वेगवेगळे हक्क असतात. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. रेडिओ केंद्रांना ठरावीक शुल्क भरून गाणी लावण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-ड मध्ये आली. पण ती इंटरनेटला लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 'टिप्स विरुद्ध विंक' खटल्यात २०१९ मध्ये म्हटले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले. म्हणजे इंटरनेट रेडिओला प्रत्येक हक्कदाराची परवानगी घेणे भाग आहे.

यात संकट आहे तशी संधीही आहे. बाजारातल्या ध्वनिफिती लावण्यापेक्षा आपल्या जिवंत शाहिरांना, गायन पार्ट्यांना आणि वस्तीतल्या मायमाउल्यांना माईकसमोर बसवा. त्यांच्याकडून साध्या मराठीत एका पानाची लेखी संमती घ्या आणि त्यांना मानधन द्या. गीत त्यांचे स्वतःचे नसेल तर गीतकाराची किंवा त्याच्या वारसांचीही संमती घ्या. ज्या कलावंतांच्या जिवावर कंपन्यांनी कॅसेटी विकल्या, त्यांच्या हाती हक्काचा कागद देण्याचे काम आपल्या केंद्राने करावे.

बाबासाहेबांचे लेखन वाचायचे असेल तर तेथेही भान ठेवावे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. पण त्यांच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजली जातात आणि अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. पुस्तक उघडण्यापूर्वी प्रसिद्धीचे साल पाहावे. बातम्या आणि चालू घडामोडी देणार असाल तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम एकदा वकिलाबरोबर बसून वाचावेत. तक्रार ऐकणारा अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे. दाराशी नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे सोपे.

आणखी एक मुद्दा, ज्याची चर्चा होत नाही. आइसकास्ट प्रत्येक श्रोत्याचा इंटरनेट पत्ता आणि ऐकण्याची वेळ नोंदवहीत लिहीत असते. आपले कोण ऐकते ही माहिती नाजूक आहे. नोकरीतला माणूस, गावातली मुलगी, कोणाला आपण ऐकतो हे उघड व्हायला नको असेल. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा नोंदी १८० दिवस ठेवण्याची अट आहे. तेव्हा नोंद ठेवावी लागेल, पण ती कोण पाहू शकतो हे ठरवणे आपल्या हाती आहे. ती चावी दोघांपलीकडे जाऊ देऊ नये. दुसऱ्याच्या ॲपवर असाल तर हे ठरवायचा अधिकारही तुमचा राहत नाही.

शेवटी माणसांचा प्रश्न. आपल्या कित्येक संस्थांचे खाते, पत्ता आणि परवलीचे शब्द एकाच होतकरू कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये असतात. त्याला नोकरी लागते, तो रुसतो किंवा गट बदलतो आणि केंद्र बंद पडते. मग एकमेकांवर आरोप आणि कोर्टकचेरी. म्हणून संकेतस्थळाचा पत्ता नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्यावा, सर्व्हरचे बिल संस्थेच्या बँक खात्यातून जावे, परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव अशा दोघांकडे असावेत आणि इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी. यंत्रणा सांभाळणारे किमान दोन असावेत आणि त्यांत एक भगिनी असावी. झहीराबादच्या माउल्यांना जे जमले ते आपल्या पदवीधर मुलींना का जमू नये?

सर्व्हर सांभाळायला माणूसच नाही, अशी खरी अडचण असेल तर तयार आइसकास्ट भाड्याने देणारे आहेत, त्यांच्याकडून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. फक्त दोन अटी पाळाव्यात. श्रोत्यांना सांगितलेला पत्ता आपल्या स्वतःच्या नावाचा असावा आणि सर्व ध्वनिमुद्रणे आपल्याकडे दोन ठिकाणी जतन असावीत. मग घरमालक बदलला तरी एका दिवसात बिऱ्हाड हलवता येते आणि श्रोत्याला ते कळतही नाही.

ध्वनिमुद्रणांवर जोर देण्याचे कारण आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर सभा गाजवल्या, पण त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे फार थोडी उरली. तेव्हा समाजाकडे साधने नव्हती. आज खिशाखिशांत यंत्र आहे. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेली माणसे आज म्हातारी झाली आहेत. त्यांचा आवाज दुसऱ्याच्या पेटीत ठेवायचा की आपल्या, हे प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहार समितीने पुढच्या बैठकीत ठरवावे. ॲपची चर्चा त्यानंतर करावी.

जय भीम!